स्नायूंचे विघटन झालेले मूल : नव्या निवासी डॉक्टरांनी आधी काय पाहावे

सीपीकेचा (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमचा) मोठा आकडा पाहून घाबरून जाऊ नका. फ्लूनंतर पोटऱ्या दुखून चालेनाशी झालेल्या मुलांमध्ये तो बराच वाढतो, तरीही बहुतेकांची मूत्रपिंडे सुखरूप राहतात. मात्र चेंगरलेला पाय, दीर्घकाळ चाललेले झटके, उष्माघात किंवा शरीरातील पाण्याची कमतरता अशी पार्श्वभूमी असेल, तर धोका खराच मानावा.

१. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसले, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ नसल्या, तर मायोग्लोबिनचा (तुटलेल्या स्नायूंतून लघवीत उतरणाऱ्या प्रथिनाचा) संशय घ्यावा. लघवी चहासारखी गडद नाही, एवढ्यावरून निदान बाजूला सारू नये; मुलांमध्ये तो रंग अनेकदा दिसतच नाही.
२. पोटॅशियम लगेच तपासावे आणि ते वाढलेले असल्यास ईसीजी काढावा.
३. नॉर्मल सलाईन लवकर सुरू करून दर तासाची लघवी मोजावी.

नवख्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे एकच तपासणी करून निश्चिंत होणे. सीपीके साधारणपणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक वाढते, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमसह ते पुन्हा तपासावेच लागते. वेदनेसाठी आयबुप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल द्या. लघवी कमी होत असतानाही सलाईन त्याच वेगाने चालू ठेवणे तर घातकच. अशा वेळी वरिष्ठांना रात्रीसुद्धा उठवा. मॅनिटॉल (लघवी वाढवणारे औषध) आणि डायलिसिसचे निकष तुम्ही पुढे शिकालच. व्यायामानंतर किंवा तापात असा त्रास पूर्वीही झाला होता का, हे पालकांना आवर्जून विचारा, कारण त्यामागे स्नायूंचा आनुवंशिक चयापचय-विकार असू शकतो.