गळ्यातली गाठ: नेमकं कोणाकडे जावं?

प्रश्न : मॅडम, बायकोचं वय ४२. गळ्यात उजव्या बाजूला गाठ आहे, दुखत नाही. सोनोग्राफीत २.३ सेंटिमीटर, 'टाय-रॅड्स ४' लिहून आलं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) २.१. मेडिकलवाला म्हणतो कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, शेजारी म्हणतो सर्जनकडे, साळा म्हणतो थेट कॅन्सरच्या दवाखान्यात न्या. सासू म्हणते, सुई टोचली की गाठ पसरते. कापसाची वेचणी सुरू आहे. काय करू?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, ऑपरेशन कोण करेल हे ठरवायची वेळ अजून आलीच नाही. आधी गाठ कशाची आहे ते कळू द्या. टीएसएच नॉर्मल म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम नीट करते, एवढंच. गाठीचं त्यातून कळत नाही. सोनोग्राफीतलं 'टाय-रॅड्स ४' म्हणजे कॅन्सरचा मध्यम संशय, आणि अशी गाठ दीड सेंटिमीटरच्या वर असली की सुईची तपासणी, एफएनएसी, करतात. बहुतेक गाठी साध्याच निघतात.

ती सोनोग्राफीत बघत करून घ्या; नुसतं चाचपून केली की कधी कधी नमुन्यात रक्तच येतं, मग पुन्हा हेलपाटा. सासूबाईंना सांगा, ही सुई रक्त काढायच्या सुईहून बारीक असते, सुईच्या भीतीनं तपासणी टाळू नका.

या आजाराचा खरा डॉक्टर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ. तो तालुक्याला कुठला मिळायला! त्यासाठी नागपूरसारखं मोठं शहर गाठावं लागतं. पण सुईसाठी त्याची वाट पाहू नका. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचा दवाखाना गाठा. सोनोग्राफीचा नुसता रिपोर्ट नको, फिल्मही न्या.

सुईच्या रिपोर्टवर 'बेथेस्डा' आकडा असतो, १ ते ६. १ म्हणजे नमुना अपुरा, सुई पुन्हा. २ म्हणजे साधी गाठ, वर्ष-दीड वर्षानं सोनोग्राफी. ३ किंवा ४ म्हणजे अजून नक्की कळत नाही; तो आला तर मात्र हार्मोनतज्ज्ञाला दाखवाच, तिथं घाई महागात पडते. ५-६ म्हणजे कॅन्सरचा दाट संशय किंवा कॅन्सरच, तेव्हा सर्जन.

सर्जनच्या पाटीवर काय लिहिलंय ते सोडा. वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशनं करता, हे विचारा. पंचवीसच्या वर असतील तर बरं. आवाजाची नस ग्रंथीच्या अगदी मागून जाते, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारक्या ग्रंथी थायरॉइडला चिकटून असतात. तिथं सरावाचा हात लागतो. विचारल्यावर ज्याला राग येईल, त्याच्याकडून गळा कापून घेऊ नका.

वेचणीपायी आठ-पंधरा दिवस गेले तर बिघडत नाही. पण आवाज बसला, गिळताना अडकायला लागलं किंवा गाठ भराभर वाढली, तर कापूस झाडावर राहू द्या आणि निघा.