पाहुणा 'सिक' म्हणाला तेव्हा

प्रश्न : बाई, नमस्कार. गंगापूर धरणाजवळ आमचं चार खोल्यांचं लॉज आहे. द्राक्षमळे बघायला मुंबई-पुण्याची मुलं येतात, कधी परदेशी पाहुणेही. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, इंग्रजी बऱ्यापैकी वाचते. परवा एक मुलगा गच्चीवरून म्हणाला, 'धिस प्लेस इज सिक!' मी घाबरून विचारलं, पाणी बाधलं का? दुसऱ्या दिवशी एका मुलीला आणखी चहा विचारला, ती म्हणाली, 'आय ॲम गुड.' मी ओतला, तिने तसाच ठेवला. माझ्या शब्दकोशात सिक म्हणजे आजारी आणि गुड म्हणजे चांगला. असे शब्द शिकायचे कसे? आणि एक वयस्कर ब्रिटिश गृहस्थ किल्ली घेताना रोज 'चिअर्स' म्हणायचे. हातात पेला नाही, मग चिअर्स कशाचं?
— एक वाचक, गिरणारे, ता. नाशिक

उत्तर : तुमच्या कोशात चूक नाही. इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द ठेवणं एवढंच तो करतो. कुणी, कुणाला, कुठल्या सुरात म्हटलं, हे त्यात मावत नाही. समजा, एखादा परदेशी माणूस मराठी शिकतोय. कॉलेज रोडवर मिसळ खाताना शेजारची पोरं म्हणाली, 'लई भारी!' त्याच्या कोशात भारी म्हणजे वजनदार. तो ताट उचलून बघेल! त्या मुलाचा 'सिक' हा असाच 'भारी' होता. मात्र तोच शब्द पोट धरून कुणी म्हणाला, तर तुम्ही विचारलंत तेच विचारायचं. ब्रिटिश माणूस तर मळमळण्याला आणि उलटीलाही 'सिक'च म्हणतो.

मी शाळेत वर्षानुवर्षं शब्दार्थ घोकून घेतले. त्याची मला आज मनापासून खंत वाटते, म्हणून हे सविस्तर लिहिते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठी वेगळे कोश असतात. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी असा एक कोश केला, तो 1942 साली तिथेच छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डने काढला. 1978च्या लाँगमन कोशात व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच बसवल्या होत्या. पण मला सगळ्यांत आवडतो तो 1987चा कोबिल्ड. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला. त्यात व्याख्या म्हणजे अख्खं वाक्य असतं : अमुक कुणी केलं, तर त्याला असं म्हणतात. शब्द कुठे बसतो ते वाचतानाच कळतं.

तुम्ही हीच रीत उचला. काउंटरवर एक वही ठेवा आणि शब्दासमोर शब्द न लिहिता वाक्य लिहा. 'वाढताना कुणी आय ॲम गुड म्हणालं, तर त्याला आणखी नको असतं.' आपण 'राहू द्या' म्हणतो ना, तेच. खाली दुसरं वाक्य : 'कसे आहात विचारल्यावर म्हणालं, तर तो ठीक आहे.' कुणी 'आय ॲम बीट' म्हणेल, तेव्हा लिहा : 'दिवसभर हिंडून आलेला माणूस असं म्हणाला, तर तो पार दमलाय, लवकर जेवायला वाढावं.' पुढे 'क्रॅश' येईल. खोलीत जाऊन क्रॅश होतो म्हणणारा माणूस झोपायला निघालेला असतो.

कोशात शब्दापुढे तिरप्या अक्षरांत 'इन्फॉर्मल' (अनौपचारिक), 'स्लँग' (आपसातल्या गप्पांतला) किंवा 'ऑफेन्सिव्ह' (समोरच्याला दुखावणारा) असतं. ते वगळू नका. स्लँग लिहिलेला शब्द आधी फक्त ओळखायचा. विशीतला पाहुणा 'सिक' म्हणेल, पण तुम्ही वयस्कर पाहुण्याला खोली दाखवताना म्हणू नये. 2023 साली ऑक्सफर्डने 'रिझ' हा वर्षाचा शब्द ठरवला. समोरच्याला भुरळ पाडण्याची हातोटी, असा अर्थ. 'कॅरिज्मा'च्या मधला तुकडा तोडून झालेला. कानावर आला तर कळावा इतकंच पुरे. त्याच्यामागे धावण्यात वेळ घालवू नका. 'आय ॲम गुड' तुम्हाला रोज लागणार आहे.

त्या गृहस्थांच्या 'चिअर्स'चं म्हणाल, तर वहीत असं लिहा : 'किल्ली, चहा किंवा सुटे पैसे हातात दिल्यावर ब्रिटिश पाहुणा चिअर्स म्हणाला, तर तो आभार मानतोय.' ते पुन्हा आले तर हसून 'यू आर वेलकम' म्हणा.