कामांची यादी संगणकावर आणि फोनवर एकसारखी ठेवताना

तुम्ही नव्याने सुरुवात करत आहात, म्हणून पहिली विनंती अशी की दोन्हीकडे एकच ॲप आणि एकच खाते वापरावे. कार्यालयाचे खाते संगणकावर आणि घरचे फोनवर असेल, तर याद्या कधीच जुळणार नाहीत. गूगल टास्क्स किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू, दोन्ही नवख्यांना पुरेसे आहेत.

खरी अडचण पुढे येते. डोंबिवलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये मध्येच नेटवर्क जाते, तेव्हा केलेली नोंद फोनमध्येच थांबते व जोडणी परत आल्यावर सर्व्हरवर पोहोचते. परंतु अँड्रॉइडच्या बॅटरी बचतीच्या सेटिंगने ॲपचे पार्श्वभूमीतील काम रोखलेले असेल, तर ॲप उघडेपर्यंत ती तशीच अडकून राहू शकते. त्यामुळे त्या ॲपवरील हे निर्बंध आधी काढा, आणि तेच काम दोन्हीकडे एकाच वेळी बदलू नका, कारण बहुधा नंतर पोहोचलेला बदल आधीचा पुसून टाकतो.

यादीची प्रत अधूनमधून स्वतःजवळ उतरवून ठेवा. वंडरलिस्ट हे अत्यंत लोकप्रिय ॲप मे 2020 मध्ये बंद झाले, आणि याद्या वेळेत हलवण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांवरच आली.