आधी जुना रंग ओळखा, मग डबा निवडा

प्रश्न : माझ्याकडे 1998 सालची पांढरी मारुती 800 आहे. दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गंजल्या आहेत. एका बाजूचे रंगकाम पूर्वीच्या मालकाने करून घेतलेले आहे. उद्यमनगरातील मित्राचा दीड अश्वशक्तीचा काँप्रेसर आणून, घरामागच्या शेडमध्ये गाडी स्वतःच रंगवावी असा विचार आहे. दुकानदाराने खाली रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर) आणि वर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग सुचवला, तर ओळखीचे पेंटर पी.यू. (पॉलियुरेथेन) रंगाचा आग्रह धरतात. काय घ्यावे?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : दुकानदार आणि पेंटर या दोघांनीही भर शेवटच्या थरावर दिला, परंतु रंग टिकतो की उकलतो हे खालच्या थरावर ठरते. म्हणून पूर्वी रंगवलेल्या बाजूवर, सहज न दिसणाऱ्या जागी, एन.सी. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी घासून पाहावी. गाडी पांढरी असल्याने चिंधी काळी घ्यावी, नाहीतर उतरलेला रंग दिसणारच नाही. रंग विरघळून चिंधीला लागला तर तो एन.सी. आहे, सुरकुतला तर साधे इनॅमल (ऑइल पेंट) आहे, आणि काहीच झाले नाही तर कंपनीत भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर (घट्ट करणारा दुसरा घटक) मिसळलेला रंग आहे. इनॅमल निघाल्यास ते पूर्ण खरवडून काढण्याला पर्याय नाही. दुकानदाराने दिलेला साधा रेड ऑक्साइडही याच जातीचा असून, तो खिडकीच्या गजांना ठीक असला तरी त्यावर तीव्र थिनरचा रंग मारताच फुगतो; तो गाडीसाठी घेऊ नये.

गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढून, त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर लावावा. लहान जागी तो ब्रशनेही लावता येतो. त्यावर पॉलिएस्टर पुट्टी भरावी. पुट्टी लवकर घट्ट व्हावी म्हणून हार्डनर सढळ हाताने मिसळण्याची सवय अनेकांना असते; मात्र वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांहून तो फार वाढला, तर पुढे पांढऱ्या रंगातून पिवळसर डाग वर येतात. उघडी पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतर तिथेच फोड येतात, तेव्हा ती वॉटर पेपरने ओली न घासता कोरडीच घासावी आणि वर पुन्हा इपॉक्सीचा थर द्यावा.

आता एन.सी. की पी.यू. हा प्रश्न. एन.सी. रंग केवळ थिनर उडून वाळतो, त्यामुळे वाळल्यानंतरही पेट्रोलने डागाळतो आणि उन्हात लवकर निस्तेज होतो. टिकाऊपणात पी.यू. निर्विवाद सरस आहे, आणि आपला रंग साधा पांढरा असल्याने वरून वेगळा क्लिअर कोट (पारदर्शक थर) लागणार नाही. तो मेटॅलिक रंगांना लागतो. परंतु पी.यू.च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असते. त्याचा फवारा श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे निरुपयोगी असतो, आणि व्यावसायिक रंगकामात बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरतात. त्यातच दीड अश्वशक्तीच्या काँप्रेसरला पूर्ण गाडी फवारताना स्प्रे गनला लागणारी हवा पुरवता येत नाही, दाब मध्येच पडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत उतरतो.

यास्तव माझे मत असे, की इपॉक्सीपर्यंतचे सर्व काम, ज्यात खरी मेहनत आणि मजुरी जाते, ते हातमोजे आणि मास्क घालून, शेडची दारे उघडी ठेवून घरी करावे, प्रायमर 600 नंबरच्या पेपरने घासावा आणि पी.यू.चा शेवटचा हात बूथ (फवारणीची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्यावा. प्रायमर आणि रंग एकाच कंपनीचे असावेत व मिश्रणाचे प्रमाण डब्यावरचेच पाळावे. घरीच फवारायचे ठरले, तर एन.सी. घेऊन एका दिवशी एकच दार करावे. दमट हवेत एन.सी. पांढरट पडतो आणि गळीत हंगामात जाळलेल्या उसाच्या पाल्याची काजळी ओल्या रंगावर बसते, हे बावड्याच्या रहिवाशाला वेगळे सांगायला नको. पाऊस, धुके आणि पाला पेटलेले दिवस टाळावेत.

प्रश्न : याच निमित्ताने गाडी लाल करावी काय?
— तेच वाचक

उत्तर : करता येईल, पण आर.टी.ओ.कडे कळवून नोंदणी प्रमाणपत्रात नवा रंग नोंदवून घ्यावा लागेल. शिवाय दारांच्या आतल्या कडा, बॉनेटखालची बाजू आणि डिकी हेही रंगवावे लागेल. हा खर्च पाहता पांढराच ठेवावा.