घरांवर आलेल्या फांद्या दोराने उतरवायला कमी खर्चात पहिलं सामान कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात झाडं छाटायची कामं घेता, तिघं जण आहात, चढायचं सामान आहे. पण आता कौलांवर आणि पत्र्यांवर आलेल्या फांद्यांची कामं यायला लागलीत, त्या तोडून खाली टाकता येत नाहीत, म्हणून दोराने उतरवायचं सामान हवंय आणि बजेट बेताचं आहे. मी सांगली-मिरज भागात हीच कामं करतो, त्यामुळे दुकानात काय मिळतं आणि काय मागवावं लागतं याचा अंदाज आहे.

आधी वजनाचं बोलू, कारण बजेट तिथेच ठरतं. सामान स्वस्तात बसवायचं तर तुकडा लहान ठेवायचा. मोठा ओंडका उतरवायला महागडं सामान लागतं, लहान ओंडक्याला फक्त एक काप जास्त मारावा लागतो. ओलं लाकूड घनमीटरला साधारण एक टन धरा. १ फूट जाड आणि ३ फूट लांब तुकडा ६५-७० किलो भरतो. जाडी दीड फूट झाली की तेवढ्याच लांबीचा तुकडा दीडशे किलोवर जातो. खालून बघताना हा फरक कुणाच्याच डोळ्यांत भरत नाही. पहिलं वर्षभर ५० किलोच्या वर जायचं नाही असं तिघांनी मिळून ठरवून टाका.

दुसरं, वर झाडाला पट्ट्याने बांधलेल्या ज्या कप्पीवरून दोर वळून खाली येतो, तिच्यावर ओंडक्याचं नुसतं वजन येत नाही. एका बाजूला ५० किलोचा ओंडका, दुसऱ्या बाजूला तो धरून ठेवणारा ताण जवळपास तेवढाच, म्हणजे कप्पी आणि तिचा पट्टा मिळून १०० किलो झेलतात. हे ओंडका शांत लटकलेला असताना. खोडाचा तुकडा कप्पीच्या वर कापला आणि तो तीन-चार फूट खाली येऊन दोराने अडवला, तर हिसका वजनाच्या कितीतरी पट बसतो. म्हणून सगळ्यात दणकट वस्तू वर हवी. कुठे काटकसर करायचीच असेल तर ती जमिनीवर करा.

आता दोर. निम्मं बजेट याच्यावर घाला. १२-१३ मिमीचा, कमी ताणणारा, दुहेरी विणीचा पॉलिस्टर दोर. चांगल्या कंपनीच्या दोराची तुटायची ताकद चार टनांच्या आसपास असते. कामाला त्याचा दहावा भाग धरा, म्हणजे ४०० किलो. गाठ मारली की एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त ताकद जाते आणि हिसका वेगळाच, तो सगळा हिशेब या दहा पटींत बसवायचा असतो. लांबी झाडाच्या उंचीच्या तिप्पट घ्या. ५० फुटांच्या झाडाला १५० फूट: एकदा वर, एकदा खाली, उरलेला बुंध्याला वेढे द्यायला आणि हातात धरायला. हा दोर बहुतेक पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइनच मागवावा लागेल.

आमच्या सांगलीच्या गणपती पेठेत किंवा तुमच्याकडे खणआळीत किलोवर मिळतो तो निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर या कामाला चालत नाही. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि १६५ अंशांच्या आसपास वितळतो. पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे. ओंडका जोरात खाली आला की वेढ्यापाशी घर्षणाने दोर तापतो आणि प्लास्टिकचा दोर तिथेच चिकटून कडक होतो. उन्हानेही तो लवकर मरतो. मात्र फांदीला बाजूला ओढून दिशा द्यायला तो उत्तम, त्यासाठी ५०-६० फूट घेऊन ठेवा. ट्रेकवाल्या मित्राने जुना क्लाइंबिंगचा दोर देऊ केला तरी फांद्यांना वापरू नका. तो पडणाऱ्या माणसाचा धक्का झेलायला मुद्दाम ताणणारा केलेला असतो. फांदी हातभर जास्त खाली येईल आणि जे कौल वाचवायचं तेच फुटेल. आणि एकदा ज्या दोराने लाकूड उतरवलं त्या दोरावर माणूस चढवायचा नाही, म्हणून दोन्ही दोर वेगळ्या रंगांचे घ्या.

झाडाला बांधायच्या पट्ट्यासाठी परदेशी दुकानांतल्या खास स्लिंग बघून जीव जळतो. त्याला इथला पर्याय चांगला आहे. क्रेनवाले वापरतात तो पॉलिस्टरचा बेल्ट. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीच्या आसपास जिथे चेन ब्लॉक आणि क्रेनचं सामान मिळतं, तिथे विचारा. जांभळा १ टनाचा, हिरवा २ टनांचा, पिवळा ३ टनांचा. हिरवा २ मीटरचा एक आणि जांभळा एक, एवढ्यावर काम सुरू होतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. बेल्टवर शिवलेल्या लेबलावर लिहिलेला १ टन हा रोज वापरायचा सुरक्षित भार असतो. तुटायची ताकद त्याच्या सात पट धरलेली असते. दोराच्या पुड्यावर लिहिलेले ४ टन मात्र थेट तुटायचे असतात. म्हणजे '१ टनाचा' जांभळा बेल्ट तुमच्या '४ टनांच्या' दोरापेक्षा बराच दणकट निघतो. दुकानदारही हे आकडे सरळ एकाशेजारी एक ठेवून बोलतो. त्याच लेबलावर बेल्ट फास घालून वापरला तर भार किती, तेही असतं: १ टनाचे ८०० किलो होतात. लेबल नसलेला बेल्ट फुकट मिळाला तरी घेऊ नका.

शॅकलचंही, म्हणजे पीन घालून बंद होणाऱ्या लोखंडी कमानीचंही, तसंच. अंगावर टनाचा आकडा ठोकलेला असेल तरच घ्या, २ टनांचा पुरेसा. साखर कारखान्याच्या भंगारातून आलेले शॅकल आणि हुक स्वस्तात मिळतात. त्यांनी काय काय सोसलंय ते कुणालाच माहीत नसतं, तेव्हा ते राहू द्या. आणि पळता दोर थेट शॅकलवरून घेऊ नका. पिनेवरून गेला तर पीन फिरून सुटू शकते. कमानीवरून गेला तरी वळण इतकं तोकडं असतं की दोराचे धागे आतून तुटायला लागतात. दोर ज्या चाकावरून वळतो त्याचा व्यास दोराच्या निदान चौपट हवा.

कप्पी सुरुवातीला घेतलीच पाहिजे असं नाही. आंबा, चिंच, वड अशा झाडांना मजबूत बेचकं सापडतं; दोर त्यातून घेतला की सालीच्या घर्षणाने खालच्या माणसाचा भार निम्म्याहून हलका होतो. दोर झिजतो आणि प्रत्येक बेचक्यात घर्षण वेगळं लागतं, हा त्याचा तोटा. बेचकं जिवंत आणि मोकळ्या वळणाचं हवं. दोन फांद्या चिकटून मध्ये साल दाबली गेलेलं अरुंद बेचकं दिसतं भक्कम, पण फाटतं तिथूनच. गुलमोहर आणि शेवग्याच्या बेचक्यावर मी कधीच भरवसा ठेवत नाही. पुढच्या खेपेला पैसे जमले की झाडकामाची कप्पी किंवा रिगिंगची, म्हणजे दोराने ओझं उतरवायच्या कामाची, जाड कडी घ्या. कडी स्वस्त पडते आणि तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं. विहिरीवरची बिडाची कप्पी घरात पडलेली असते म्हणून ती वर नेऊ नका, बीड हिसक्याने वाकत नाही, सरळ फुटतं.

खाली भार धरायला बाजारात पोर्टारॅप म्हणून पिना असलेली नळी मिळते. आधी तिच्याशिवाय भागवा: दोर बुंध्याला वेढा. एका पूर्ण वेढ्याने हातावरचा ताण चार-पाच पट उतरतो, दोन वेढ्यांनी वीसएक पट. निलगिरीची साल गुळगुळीत, तिथे एक वेढा जास्त द्या. अशी नळी गावातल्या वेल्डरकडून करून घ्यायचा मोह होतो, पण जोड आतून किती धरलाय हे वरून दिसत नाही.

वेढ्यावर दोर धरणारा माणूस हेच निम्मं सामान आहे. ओंडका सुटला की दोर गच्च धरायचा नाही, थोडा पळू द्यायचा आणि मग हळूहळू आवळत थांबवायचा. हिसका मुख्यतः यानेच मोडतो. पण त्यासाठी खाली तेवढी मोकळी जागा असली पाहिजे, नसेल तर तुकडा आणखी लहान करा. त्याला जाड कातडी हातमोजे द्या, दोर मनगटाला किंवा हाताला गुंडाळायला सक्त बंदी, आणि त्याची उभं राहायची जागा फांदीखाली येणार नाही हे चेनसॉ सुरू व्हायच्या आधी बघा.

फांदीला दोर सरकत्या बोलाइनने (ओढ बसली की आवळणाऱ्या फासाच्या गाठीने) बांधा आणि त्याच्या अलीकडे एक अर्धा फास घाला. कॅराबिनरचा (झडप असलेल्या कडीचा) खर्च इथे लागत नाही. काम झालं की दोर बोटांतून ओढत तपासा. कुठे चकचकीत, कडक किंवा बारीक लागला तर तेवढा भाग कापून टाका. पेट्रोल, चेनचं ऑइल आणि गाडीच्या बॅटरीपासून दोर लांब ठेवा. टेम्पोत एकाच पोत्यात सगळं कोंबायची सवय असेल तर आधी वेगळी पिशवी घ्या.

शहराच्या हद्दीत १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मालक 'मी बघतो' म्हणाला तरी कागद हातात घेतल्याशिवाय चढू नका. तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. ओला दोर आणि ओली फांदी दोन्हींतून करंट येतो.

नारळाला यातलं फारसं काही लागू पडत नाही. त्याला बेचकं नसतं आणि शेंडा काढला की वर बांधायला नुसतं खोड उरतं. घराला टेकलेला नारळ असेल तर उंची आणि खाली मोकळी जागा किती आहे ते लिहा, त्याचं वेगळं सांगतो.