वाचकांचे प्रश्न : पाऊस सर्वांवर पडतो, मग प्रीती कोणावर?

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या पाळकांनी 'बदलत्या ऋतूंतून दिसणारी देवाची प्रीती' या विषयावर संदेश दिला. तो ऐकताना मला दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे, मुंबईत ऋतू म्हणावेत असे आहेत तरी कोठे? उकाडा, पाऊस आणि पुन्हा उकाडा. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. 26 जुलै 2005 रोजी कुर्ल्यातील आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत छातीपर्यंत पाणी चढले होते आणि संसारातील एकही वस्तू हाती लागली नाही. तो पाऊसही देवाचाच होता ना? मग त्याला प्रीती कसे म्हणावे?
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : आपली पहिली अडचण वाटते तितकी किरकोळ नाही, म्हणून तीच आधी घेतो. ऋतूंविषयी बोलू लागले की आपले संदेशकार बर्फाची, वसंतातल्या कोवळ्या गवताची आणि सोनेरी पानगळीची उदाहरणे देतात. ही उदाहरणे परदेशी मिशनरी मंडळींबरोबर आपल्याकडे आली आणि इथेच राहिली; नाताळच्या झाडावर आपण आजही जो कापूस पसरतो, तो त्यांचाच वारसा. त्यात वावगे काही नाही, परंतु पवित्र शास्त्र ज्या देशात लिहिले गेले तो देश तसा नव्हता. त्या कनान देशातही ठळक ऋतू दोनच होते. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत थंडी आणि पाऊस एकत्र नांदत आणि उरलेले महिने आकाश कोरडे ठणठणीत असे. म्हणूनच गीतरत्नात (2:11) हिवाळा सरला आणि पाऊस संपला, असे एका दमात म्हटले आहे, जे जूनमध्ये छत्री काढणाऱ्या माणसाला जरा चमत्कारिक वाटते. जलप्रलयानंतर देवाने जे वचन दिले (उत्पत्ती 8:22), त्यातही पेरणी व कापणी, थंडी व ऊन, उन्हाळा व हिवाळा, दिवस व रात्र अशा जोड्याच आहेत. तेव्हा दोन-तीन ऋतूंत वर्ष काढणारा मुंबईकर शास्त्राच्या भूमीला लंडनकरापेक्षा काही दूर नाही.

शिवाय आपल्याकडे वसंत येतच नाही असेही नाही. तो आपण पाहत नाही इतकेच. ईस्टरआधीच्या उपवासकाळात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आरे वसाहतीच्या रस्त्याने एकदा सकाळी चालत जावे. काटेसावरीवर एकही पान नसते आणि पंज्याएवढी जाड लाल फुले मात्र फांद्याफांद्यांवर बसलेली असतात. साळुंक्या आणि कावळे त्यांत चोची बुडवून मध पीत असतात. पिंपळ याच सुमारास जुनी पाने टाकतो आणि थोड्याच दिवसांत त्याला तांबूस, लवलवती, टोकाला शेपटी असलेली पालवी फुटते, जी हिरवी होईपर्यंत उन्हात जवळजवळ पारदर्शक दिसते. पाऊस अजून तीन महिने दूर असतो. ही पालवी फुटते ती मागच्या पावसाळ्यात जमिनीत खोल मुरलेल्या पाण्यावर. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येत असल्याने तो बहुधा याच दिवसांत असतो. तरीही आपण त्या सकाळी वेदीसाठी फुलवाल्याकडून लिली विकत आणतो आणि दारातल्या झाडाकडे मान वर करून पाहत नाही, याचे मला दरवर्षी नवल वाटते.

आता शहराविषयी. मिसर (इजिप्त) सोडून आलेले इस्राएल लोक कनानात शिरण्यापूर्वी मोशेने त्यांना दोन देशांतील फरक समजावून सांगितला (अनुवाद 11:10-14). मिसर देशात माणसे स्वतःच्या कष्टाने नदीचे पाणी शेताला देत, भाजीचा मळा शिंपावा तसे. ज्या देशात तुम्ही जात आहात तो मात्र आकाशातल्या पावसाचे पाणी पितो आणि आगोटीचा व वळवाचा पाऊस वेळेवर पाडणारा परमेश्वर आहे. मुंबईकराला आपण मिसरात राहतो असे वाटते, कारण नळ सोडला की पाणी येते. वास्तविक तुळशी, विहार, तानसा, भातसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा या सात जलाशयांत चार महिन्यांत जे साठते, त्यावरच हे शहर वर्ष काढते. जुलै कोरडा जाऊ लागला की पाणीकपातीच्या बातम्या येतात आणि तेवढ्यापुरते आपण कनानचे रहिवासी होतो. देवाच्या प्रीतीचा पहिला धडा पवित्र शास्त्र या पराधीनतेत शिकवते. तो धडा गोड आहे असे मी म्हणणार नाही.

येथून आपल्या दुसऱ्या अडचणीकडे येतो. 'ऋतूंतून देवाची प्रीती दिसते' हे वाक्य पुष्कळदा फार सैल अर्थाने वापरले जाते. जणू प्रत्येक सर म्हणजे आपल्या नावाने आलेले प्रेमपत्र. पवित्र शास्त्रात असे कोठेही म्हटलेले नाही. प्रेषित पौल लुस्त्र येथील लोकांना म्हणाला की देवाने पाऊस आणि फलदायी ऋतू देऊन स्वतःविषयी साक्ष राखली आहे (प्रेषितांची कृत्ये 14:17). साक्ष आणि निकाल या वेगळ्या गोष्टी आहेत. साक्षीदार एवढेच सांगतो की देणारा कोणी आहे. आज अमुक घरात पाणी का शिरले आणि तमुक घर कोरडे का राहिले, याचा निवाडा तो करत नाही. प्रभू येशूने तर डोंगरावरील प्रवचनात हा मुद्दा स्पष्टच केला (मत्तय 5:45) : देव वाइटांवर आणि चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो, नीतिमान आणि अनीतिमान या दोघांवरही पाऊस पाडतो. त्या वचनात देवाच्या औदार्याचे वर्णन आहे, परंतु त्याची दुसरी बाजू आपण विसरतो. पाऊस हे जर बक्षीस नाही, तर पूर ही शिक्षाही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभूने लोकांना बजावले (लूक 13:4-5). आपल्या खोलीत पाणी शिरले त्या दिवसाविषयी कोणी पापपुण्याचा हिशेब मांडू लागला, तर त्याला हे वचन उघडून दाखवावे.

त्या दिवशी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. इतका पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता. पण विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारे पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी आपण भराव टाकून, कचरा लोटून आणि काठावर बांधकामे करून अरुंद केली होती, त्यातच समुद्राला भरती होती आणि पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नव्हती. ढग देवाचे होते असे आपण म्हणता. भराव कोणाचे होते हेही त्याच श्वासात विचारायला हवे. अर्थात कुर्ल्यात तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने तो भराव घातला नव्हता, आणि म्हणूनच हे उत्तर अपुरे पडते, हे मला मान्य आहे. त्या रात्री अनोळखी माणसांनी दारे उघडली, चहा-बिस्किटे वाटली, दोरखंड धरून लोकांना पलीकडे नेले, हे सर्वज्ञात आहे. ते खरे असले तरी, ज्याचा संसार वाहून गेला त्याच्यापुढे त्याच गोष्टी सांत्वन म्हणून मांडणे मला प्रशस्त वाटत नाही.

त्याऐवजी मी आपल्याला 69वे स्तोत्र वाचण्यास सुचवीन. त्याची सुरुवातच पाणी गळ्याशी आले आहे, पाय ठेवायला जागा नाही, अशा आक्रोशाने होते. आपल्या मंडळीत हे स्तोत्र फारसे वाचले जात नाही, कारण उपासनेत तक्रार करणे आपल्याला अविश्वासाचे लक्षण वाटते. परंतु ज्यांनी हे शास्त्र आपल्या हाती दिले त्यांना तसे वाटले नाही, म्हणून ते स्तोत्र गाळले गेले नाही. आणि देवाची प्रीती कशावरून ओळखावी असे विचाराल, तर पौल हवामानाकडे बोट दाखवत नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला (रोमकरांस 5:8), हा त्याचा पुरावा आहे. त्या प्रीतीपासून कोणती गोष्ट आपल्याला वेगळे करू शकत नाही याची जी यादी तो पुढे देतो (8:35), तिच्यात क्लेश, उपासमार, नग्नता आणि तलवार आहेत. म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याच्या वाट्याला या गोष्टी येणार, हे त्याने गृहीतच धरले आहे. ऋतू आपल्याला दात्याची ओळख करून देतात. त्याचे अंतःकरण मात्र क्रुसावरच वाचता येते, आणि तो क्रूस समोर नसेल तर एका चांगल्या पावसाळ्यावरून बांधलेला विश्वास पुढच्या पुरात टिकणार नाही.

प्रश्न : पृथ्वी आहे तोपर्यंत उन्हाळा व हिवाळा थांबणार नाहीत असे देवाचे वचन असताना, हवामानबदलाची चिंता करणे हा अविश्वास नव्हे काय? आमच्या अभ्यासगटात यावर मोठा वाद झाला.
— एक निवृत्त शिक्षक, बोरिवली

उत्तर : ऋतू येत राहतील, हे ते वचन आहे. ते कोणत्या तारखेला येतील, किती बरसतील आणि आपण त्यांचे काय करून ठेवू, याची हमी त्यात नाही. भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. त्यानुसार मुंबईत पाऊस येण्याचा दिवस 11 जून, म्हणजे पूर्वीपेक्षा एकच दिवस उशिराचा झाला. परतण्याचा दिवस मात्र सप्टेंबरअखेरवरून 8 ऑक्टोबरवर गेला. वचन मोडले असे यावरून कोणी म्हणणार नाही, पण वेळापत्रक हलते आहे हे मान्य करायला हरकत नाही. ज्या ग्रंथात हे वचन आहे, त्याच ग्रंथात माणसाला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवल्याचे लिहिले आहे (उत्पत्ती 2:15), आणि रहिवाशांच्या दुष्टतेमुळे देश शोक करतो, शेतातील वनस्पती सुकतात, असा विलाप यिर्मया संदेष्ट्याने केला आहे (12:4). जमिनीला तिची विसाव्याची वर्षे दिली गेली नाहीत, म्हणून लोक बंदिवासात असताना तिने ती भरून काढली, असे दुसऱ्या इतिहासात (36:21) सांगितले आहे. देवाने घर पडू देणार नाही असे म्हटले, म्हणून भाडेकरूने भिंतीला पहार लावावी, असा अर्थ कोणी काढू नये. अभ्यासगटातील ज्या सभासदाने चिंता व्यक्त केली, त्याचा विश्वास मला कमी दिसत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीत ऑक्टोबरमध्ये कापणीचा सण होतो. आम्ही सगळे इमारतींत राहणारे. बाजारातून दुधी, कोहळे, केळ्यांचे घड आणायचे, वेदीपुढे मांडायचे आणि उपासनेनंतर लिलाव करायचा. ज्यांनी काही पेरले नाही त्यांनी कापणीचा सण करणे हे नाटक नाही का?
— एक तरुण वाचक, अंधेरी

उत्तर : आपल्याच शहरातील ईस्ट इंडियन बांधव, म्हणजे इथले मूळचे कॅथलिक ख्रिस्ती, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा कापणीचा सण साजरा करतात आणि भाताच्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये नेतात. त्यांच्या कित्येक गावठाणांभोवतीची शेते कधीच इमारतींखाली गेली, तरी त्यांनी सण सोडला नाही, आणि मला ते योग्य वाटते. पिकाचे प्रथमफळ देवाला अर्पण करायला आणणाऱ्या इस्राएल माणसानेसुद्धा आपल्या कष्टांविषयी बोलावे असे सांगितलेले नाही. माझा पूर्वज भटका अरामी होता, येथपासून त्याने सुरुवात करायची होती (अनुवाद 26:5), म्हणजे ही जमीन मुळात माझी नव्हतीच, हे आधी कबूल करायचे होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हे म्हणणे जमीनदारापेक्षा सोपे जावे.

परंतु आपल्या शंकेत तथ्य आहे, ते दुसऱ्या ठिकाणी. लेवीय 23 मध्ये पहिल्या पेंढीचा आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणाचा विधी सांगून झाला की लगेच 22व्या वचनात अशी आज्ञा येते की शेताच्या कडा कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या. अनुवाद या पुस्तकातील प्रथमफळाचा विधीही लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला माणूस) आणि परका यांच्यासह आनंद करण्यानेच पुरा होतो (26:11). लिलावात एक कोहळे हजार रुपयांना जाते, हशा पिकतो, टाळ्या पडतात. ती रक्कम पुढे कोठे जाते, हे आपण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीला लेखी विचारावे आणि तिचा ठरावीक वाटा मंडळीबाहेरच्या गरजूंसाठी राखून ठेवावा अशी सूचना मांडावी. सूचना सणाआधीच्या बैठकीत दिलीत तर ती विषयपत्रिकेवर येऊ शकेल. आणि ज्या भाजीवालीकडून ते दुधी आणि कोहळे आणता, तिला त्या रविवारच्या प्रीतिभोजनाचे बोलावणे आदल्या दिवशीच करा. रविवारी सकाळी सांगितलेत तर तिला गाडी लावण्यासाठी दुसरे कोणी शोधायला वेळ मिळणार नाही.