घाटात गाडी तापते, इलेक्ट्रिक पंखा लावू का?

प्रश्न : माझी जुनी, 12 व्होल्टची मालवाहू गाडी आहे. वैभववाडीकडून चिरे भरून करूळ घाट चढताना काटा लाल पट्ट्याला टेकतो. इंजिनचा पंखा काढून एका मोठ्या कारचा इलेक्ट्रिक पंखा बसवायचा विचार आहे. मित्रानं डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट लाइन देऊन बघितली, तर स्विचच वितळला. वायरिंग कसं करू? – एक वाचक, गगनबावडा

उत्तर : स्विचवर निभावलं म्हणायचं, वायर पेटली असती तर केबिन गेलं असतं. पण भावा, वायरिंगच्या आधी एक सांगतो. इंजिनचा पंखा काढू नका. कारचा पंखा साधारण 20 अँपिअर ओढतो. 12 व्होल्टला 20 अँपिअर म्हणजे 240 वॅट, एका हॉर्सपॉवरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. बेल्टवरचा पंखा याच्या कितीतरी पट ताकद खातो आणि तेवढा वारा ओढतो. शिवाय घाटात तुम्ही खालच्या गिअरमध्ये असता, म्हणजे इंजिन जोरात आणि पंखाही जोरात फिरत असतो. तरीही पाणी तापत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे.

रेडिएटरसमोर टॉर्च धरा आणि मागून बघा. उजेड आरपार दिसत नसेल तर जाळी चोंदली आहे. उसाच्या सीझनमध्ये पाचट आणि चिऱ्याची लाल माती मिळून तिथं गिलावाच होतो. पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूनं बाहेर, समोरून मारलं तर घाण आणखी आत बसते. मग बेल्ट सैल आहे का, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं जागेवर आहे का, रेडिएटरच्या टोपणाचं रबर कडक झालंय का, हे बघा. टोपण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. पण ते इंजिन गार झाल्यावरच उघडा.

एवढं करून जोडीला इलेक्ट्रिक पंखा हवाच असेल, तर खुशाल बसवा. नाक्यावर, लोडिंगला इंजिन आयडलवर असताना तो खरा कामाला येतो. तुमच्या गाडीत तो रेडिएटरच्या पुढं बसेल, म्हणजे वारा आत ढकलणारा पाहिजे. कारचे बरेच पंखे मागून ओढणारे असतात. नुसत्या वायरी उलट्या केल्या तर मोटर उलटी फिरते, पण पात्यांचा बाक चुकीचा राहतो आणि वारा कमी पडतो. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नका. गाडीच्या थरथरीनं त्या करवतीसारख्या चालतात आणि नळ्या फुटतात. लोखंडी पट्टीचं ब्रॅकेट करून चासीच्या आडव्या पट्टीला धरा.

आता वायरिंग. 40 अँपिअरचा रिले घ्या, म्हणजे लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या बुडावर आकडे असतात. 30 ला बॅटरीच्या प्लसवरून 4 चौरस मिलिमीटरची वायर, मध्ये 30 अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा; तो पंख्याजवळ लावला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते. 87 वरून पंख्याला तेवढ्याच जाडीची वायर, पंख्याचं अर्थिंगही तेवढंच जाड, रंग खरवडून चासीला. 86 ला चावी फिरवल्यावर येणारी लाइन, लहान फ्यूजमधून. 85 थर्मो स्विचमधून (रेडिएटरमधलं पाणी तापलं की आपोआप लागणारा स्विच) अर्थला. डॅशबोर्डचा स्विच हवा असेल तर तो थर्मो स्विचला समांतर जोडा. त्यातून आता अर्ध्या अँपिअरहून कमी करंट जाईल.

थर्मो स्विच दोन पिनांचा घ्या. एका पिनेचा स्विच अर्थिंग आपल्या अंगातून घेतो, आणि रेडिएटर रबराच्या बुशवर, रबरी होजवर बसलेला असतो. मग अर्थिंग नीट मिळत नाही, पंखा कधी लागतो, कधी नाही, आणि वायरमनला उगाच शिव्या बसतात.

शेवटी रात्री हेडलाइट आणि पंखा लावून, इंजिन आयडलवर ठेवून बॅटरीवर मीटर धरा. 13 व्होल्टच्या खाली येत राहिला तर अल्टरनेटर पुरत नाही.

प्रश्न : 24 व्होल्टच्या टिपरला 12 व्होल्टचा पंखा एकाच बॅटरीवरून दिला तर चालेल? – एक वाचक, कागल

उत्तर : पंखा चालेल, बॅटऱ्या टिकणार नाहीत. एक सतत उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उडवते. 24 व्होल्टचाच पंखा आणि 24 व्होल्टचाच रिले घ्या.